एक्केचाळीस नंबरची पेटी

१

गुरुवारी सकाळी करोरो टोकाच्या उद्यानात, एक्केचाळीस नंबरच्या पेटीतल्या सापळ्यात एक मेलेला स्टोट सापडला, आणि शुक्रवार उजाडेपर्यंत त्या वीतभर जनावराने एका माणसाची अकरा वर्षं खाऊन टाकली.

स्टोट म्हणजे मुंगसाचा बारीक, पाजी भाऊबंद. त्याला पोट भरलं तरी मारायचं थांबता येत नाही. समुद्रात घुसलेल्या या टोकाच्या मानेवर आडवं उंच कुंपण घालून आतला प्रत्येक उंदीर आणि स्टोट वेचून मारायला उद्यानाचा रखवालदार हेनारे याला पाच वर्षं लागली होती. नंतरची सहा वर्षं आतल्या सापळ्यांत काहीही पडलं नव्हतं. म्हणून तर शनिवारी समोरच्या बेटावरून चाळीस टिएके पक्षी आणून इथे सोडायचं ठरलं होतं. हेनारेच्या पणज्याने पाहिल्यानंतर हा पक्षी या किनाऱ्यावर कुणाला दिसला नव्हता. पक्ष्यांची पहिली पेटी हेनारेच उचलणार होता.

आणि आता स्टोट. एक आत आला म्हणजे कुंपण फुटलं किंवा फाटक उघडं राहिलं. कुंपण आणि फाटक कुणाच्या ताब्यात? हेनारेच्या. उद्यानाच्या मंडळाचे अध्यक्ष डेनिस ऑर्चर्ड यांना एवढा हिशेब पुरला. पूर्वी घरं विकून देण्याचा धंदा करणारा हा माणूस गळकं छप्पर 'हवेशीर' म्हणून विकायचा. शुक्रवारी तीनला बैठक, हेनारेला नारळ आणि पक्ष्यांना दुसरीकडचा रस्ता, असं त्याने गुरुवारी दुपारीच जाहीर करून टाकलं.

शुक्रवारी सकाळी रोइमाता तळलेल्या पावाची पिशवी घेऊन हेनारेच्या शेडवर आली, तेव्हा तो आपली हत्यारं खोक्यात भरत होता. रोइमाता म्हणजे त्याच्या वारलेल्या बायकोची थोरली बहीण. मांसाच्या कारखान्यात अडतीस वर्षं तपासनीस होती. सरकत्या साखळीवरून रोज हजारभर मेंढ्या तिच्या समोरून जायच्या आणि कुठल्या मेंढीत काय दडलंय हे ती बोट लावून सांगायची. मेलेल्या जनावरांवर तिचा विश्वास होता. जिवंत माणसांबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

"आवरतोय."

"बैठक तीनला आहे. आत्ता नऊ वाजलेत. एवढी घाई तर त्या डेनिसलाही नाही."

हेनारेने पक्कड खोक्यात ठेवली. "रोई, मी फाटक उघडं टाकलं नव्हतं. पण स्टोट आत होता, हे खरंय. मीच काढला, मीच कचेरीत नेऊन दिला."

"समुद्रात का नाही फेकलास?"

असला विचार त्याला शिवलाही नव्हता. रोइमाताला त्याचा रागच आला. या गाढवाने तोंड मिटलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता.

"तो कसा होता ते तरी सांग."

"मेलेला. डोकं चेपलेलं, सापळ्यात चेपतं तसं. शेपटीचं टोक नव्हतं. डेनिस म्हणाला, रात्रीत उंदरांनी कुरतडलं असेल."

रोइमाताने तोंडाकडे नेलेला पाव खाली ठेवला.

"कुठल्या उंदरांनी?"

सहा वर्षं त्या टोकावर एकही उंदीर नव्हता.

२

माहिती केंद्राच्या मागच्या खोलीत डॉक्टर फिलिपा हॅझल बसायची. ती विद्यापीठातून आली होती. स्टोट काय खातात यावर तिचा अभ्यास चालू होता, म्हणून आसपासचे सापळेवाले मेलेले स्टोट तिच्याकडे आणून देत. माणसं काय खातात याची तिला कल्पना नसावी, कारण टेबलावर कालचाच बिस्किटांचा पुडा अर्धा उरलेला होता.

"तो स्टोट दाखव," रोइमाता म्हणाली.

"आन्टी, त्याला हात लावू नका असं अध्यक्षांनी सांगितलंय. नमुना शहरात तपासायला जायचाय. दहा दिवसांनी निकाल येईल."

"आणि हेनारेचा निकाल आज तीनला. तू स्वतः पाहिलास तो स्टोट?"

"पिशवी उघडलीच नाही. तसं सांगितलं होतं ना."

"एवढं शिकून हेच शिकलीस का गं? सांगितलं की ऐकायचं?"

फिलिपा लाल झाली. पण पोरगी अगदीच वाया गेलेली नव्हती. तिने शीतकपाटातून पिशवी काढून स्टीलच्या तबकात उलटी केली.

स्टोट पडला, आणि त्याच्याभोवती गुलाबी पाण्याचं थारोळं जमलं. रोइमाताने त्याच्या मांडीत अंगठा रुतवला. खळगा तसाच राहिला. डोळे आत बसलेले. शेपटीचा शेवट सरळ, एका कातरीत तोडलेला. उंदराच्या दातांनी असा काप येत नाही.

"ताजं मांस असं रडत नाही," ती म्हणाली. "हा गोठवलेला होता. बरेच दिवस. मग कुणीतरी वितळवून पेटीत ठेवला. पेटीच्या फळीवर रक्त होतं का, ते मला हेनारेला विचारायचंय. नसणार."

मग तिने त्याला उताणा केला आणि पोटावरचे केस बोटांनी फाकवले. दोन्ही बाजूंना सडांची रांग होती, सुजलेली, भोवतीचे केस पिल्लांनी चोखून झडलेले. एक सड दाबल्यावर पिवळट, घट्ट काहीतरी बाहेर आलं.

"ही मादी पाजत होती. हा महिना कुठला?"

"एप्रिल," फिलिपा म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "स्टोटची मादी इथल्या वसंतात विते. ऑक्टोबर, नोव्हेंबर. एप्रिलमध्ये कुठलीच मादी पाजत नाही. ही नोव्हेंबरात मेलीय, आन्टी!"

"म्हणजे ती कुंपण ओलांडून आलीच नाही. पिशवीत बसून, फाटकातून, माणसाच्या हाताने आली." रोइमाताने हात धुतले. पाणी बंद केल्यावर खोलीत एकच आवाज उरला. फिलिपाच्या पाठीमागे माणूस मावेल एवढा मोठा फ्रीजर घुमत होता.

"त्यात काय आहे?"

"स्टोट," ती म्हणाली. "त्रेसष्ट स्टोट."

३

शिवाय असं काही करायला फिलिपाकडे कारणही होतं. पक्षी इथे सुटले नाहीत तर ते दक्षिणेकडच्या ज्या बेटावर जायचे होते, तिथला प्रकल्पही तिच्याच विभागाचा. हे तिने स्वतःहून सांगितलं, रडवेल्या आवाजात. रोइमाताला तिच्या खरेपणाची कीव आली.

"फ्रीजर उघड," ती म्हणाली.

एकेक पिशवी निघाली. प्रत्येक स्टोटच्या पायाला नंबर बांधलेला आणि प्रत्येकाचं पोट गळ्यापासून खालपर्यंत फाडून पुन्हा टाचलेलं. फिलिपाकडे स्टोट आला की त्याच दिवशी, दोन विद्यार्थ्यांसमोर त्याचं पोट उघडायचं, मगच तो गोठवायचा. तबकातल्या मादीचं पोट शाबूत होतं.

"तुझा नाही हा," रोइमाता म्हणाली. "डोळे पूस. नोव्हेंबरात तुझ्याकडे इथले किती आले?"

फिलिपाने वही पाहिली. "दोन. एक कॉलिन बॅगटचा, एक मर्व्हिन टिंडलचा. दोन्ही नर."

पेट्यांची झाकणं चौकोनी टोकाच्या पेचकसानेच उघडतात आणि तो मंडळाने चारच जणांना दिला होता: हेनारे, फिलिपा, कॉलिन आणि मर्व्हिन. फिलिपाचा टेबलाच्या खणात पडला होता. त्याच्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

कॉलिन बॅगट कुंपणाला लागून मेंढ्या पाळायचा आणि कुंपणाबाहेरच्या वीस पेट्या बघायचा. बघायचा म्हणजे आठवण झाली तर. कुंपणामुळे त्याची किनाऱ्यावर जायची जवळची वाट बंद झाली होती आणि गेली अकरा वर्षं भेटेल त्याला तो हे ऐकवत होता. रोइमाता गेली तेव्हा तो मेंढ्यांचे खूर कापत होता.

"आलीस? ये. मीच आणला तो स्टोट, असं म्हणायला आली असशील."

"आणलास का?"

"आणला असता तर जिवंत आणला असता, बाई! मेलेला आणून काय मजा?" कॉलिन हसला. त्याचे खालचे दोन दात नव्हते आणि त्याची त्याला लाजही नव्हती. "शनिवारी मंत्रीसाहेब येणार होते. डेनिसने बुधवारी आम्हाला सगळ्यांना उन्हात उभं करून भाषणाची तालीम केली. दीड तास! त्याचं तोंड बंद करायला मी वाघसुद्धा आणला असता."

"म्हणजे बुधवारी तूही आत होतास."

"सगळेच होते. ती डॉक्टरीणबाई, मर्व्हिन, झाडून सगळे. मर्व्हिन तर शाळेच्या पोरांना फिरवत होता, त्या देवमाशाच्या कढईपाशी. एक्केचाळीस नंबर तिथेच आहे ना?"

"तुझ्या पेट्यांत आमिष काय घालतोस?"

"मेंढीचं काळीज. कधी ससा."

"अंडं नाही?"

"अंडी मी खातो," कॉलिन म्हणाला. "मर्व्हिन बोंबलत असतो, अंडं ठेव, अंड्यावर पेन्सिलीने तारीख घाल, शिळं काढ. माझ्या बायकोच्या वाढदिवसाची तारीख मला आठवत नाही, मी अंड्याची घालू?"

रोइमाता हसली नाही, पण तिला हसू आलं होतं. निघताना तिने कुंपणाकडे मान वळवली. "त्या वाटेचं दुःख अजून आहे का?"

कॉलिनने मेंढी सोडून दिली. "आहे की. पण त्याचं मी रडणार ते हेनारेसमोर. तो गेला, तर मग कुणाला शिव्या घालू? त्या डेनिसला? तो धन्यवाद म्हणतो!"

४

मर्व्हिन टिंडल पूर्वी टपाल कचेरीत होता. निवृत्त झाल्यावर वर्षभर त्याने बागेतल्या गुलाबांना छळलं आणि मग त्याला सापळे सापडले. आता तो या किनाऱ्यावरचा पहिला सापळेबाज होता. पितळी स्टोटचा करंडक सलग सात वर्षं त्याच्याच घरी. गावच्या वार्तापत्रात दर तीन महिन्यांनी हातात मेलेला स्टोट धरलेला त्याचा फोटो, आणि दर फोटोत तीच टोपी. उद्यान बघायला येणाऱ्यांना इतिहास सांगायचं कामही त्याने आपल्याकडे घेतलं होतं. वरच्या टेकडीवरचा गढीचा कोट हेनारेच्या पूर्वजांनी बांधलेला, पण मर्व्हिनच्या तोंडून ऐकलं की वाटे, तो तिथे पहारा देत होता.

स्वयंसेवकांच्या खोलीत तो तीन शाळामास्तरणींना पेटी उघडून दाखवत होता. रोइमाता दारात उभी राहिली.

"सापळा म्हणजे शिस्त!" मर्व्हिन सांगत होता. "पेटी उघडली की पहिलं काम काय? काही पडलंय का बघणं? नाही! पहिलं काम, जुनं अंडं बाहेर. दुसरं, नवं अंडं आत. तिसरं, अंड्यावर पेन्सिलीने आजची तारीख. आभाळ कोसळलं तरी हे चुकायचं नाही. माझा हात आता आपोआप जातो. बायको म्हणते, झोपेतसुद्धा उशीखाली अंडं शोधतोस."

मास्तरणी हसल्या. त्या गेल्यावर मर्व्हिनने रोइमाताकडे दुःखी चेहरा केला.

"हेनारेचं वाईट झालं गं. इतका चांगला माणूस. पण वय होतं, विसरायला होतं. मी डेनिसला म्हटलं, सांभाळून घ्या."

"तुझा दोस्त आहे ना तो?"

"अकरा वर्षांचा! त्याला पहिला सापळा लावायला मीच शिकवला."

हेही खोटं होतं. हेनारे सहा वर्षांचा असताना आजोबांबरोबर सापळे लावत होता. रोइमाताने ते सोडून दिलं. भिंतीवर फळा होता आणि त्याखाली नावं लिहिलेल्या काचेच्या बरण्या. प्रत्येक बरणीत मिठात घातलेली काळी केसाळ टोकं.

"हे शेपटीचं काय खूळ आहे?"

"खूळ नाही, नियम! स्टोट मिळाला की शेपटीचं काळं टोक कापून आपल्या बरणीत टाकायचं. टोक टाकलं की फळ्यावर एक रेघ. पूर्वी एकाने एकच स्टोट दोनदा मोजला होता. करंडकासाठी माणूस कुठल्या थराला जातो, बघ."

"बघतेय," रोइमाता म्हणाली. "पक्षी आले की मग आतल्या पेट्या काढणार म्हणे?"

मर्व्हिनने फळ्यावरची खडूची भुकटी उगाचच पुसली. "मार्चच्या बैठकीत ठरलं होतं तसं. आतल्या पेट्या काढायच्या, बाहेर ती आपोआप चालणारी यंत्रं बसवायची. आम्हाला चहा आणि प्रशस्तिपत्र. उत्तमच झालं म्हणा. आता मात्र सगळं लांबणीवर. धोका आहे तोवर माणसं लागणारच."

"आणि कढईपाशी एक्केचाळीस नंबर कोण बघतं?"

"हेनारे. दर पंधरा दिवसांनी. मी तिकडे फक्त पाहुणे नेतो."

तो चहा करायला वळला. रोइमाताने फळा वाचला. नोव्हेंबर: कॉलिन, एक रेघ. मर्व्हिन, दोन.

नोव्हेंबरच्या तीन शेपट्या. आणि फिलिपाकडे पोचलेली धडं दोन.

५

कारखान्यात मेंढीचं डोकं एका साखळीवर जायचं आणि धड दुसऱ्या. कुठलं डोकं कुठल्या धडाचं, हे चुकलं की आजारी जनावर बाजारात जायचं. अडतीस वर्षांत रोइमाताचं एकदाही चुकलं नव्हतं. पण ते तिला ठाऊक. डेनिस ऑर्चर्डला एक धड कमी आहे म्हणून सांगितलं असतं, तर तो म्हणाला असता, कुजलं म्हणून फेकलं असेल. मर्व्हिनही तेच म्हणाला असता.

दोन वाजता ती हेनारेला घेऊन किनाऱ्यावर उतरली. देवमासे कढवणाऱ्यांची ती प्रचंड लोखंडी कढई वाळूच्या वर, गवतात पडून होती. ज्यांनी या आखातातले सगळे देवमासे उकळून टाकले, त्यांच्या भांड्यावर मंडळाने पितळी पाटी लावली होती आणि पाहुणे त्यात बसून फोटो काढत. आज मात्र कुणी बसलं नसतं. कढईतून सडक्या अंड्याचा दर्प येत होता.

"शी! हे काय?"

"मर्व्हिनचा विनोद," हेनारे म्हणाला. "शिळं अंडं कढईत फोडतो आणि पोरांना म्हणतो, नाश्ता तयार आहे."

"या पेटीतलं अंडं तू काल बदललंस?"

"नाही. स्टोट दिसला आणि अंड्याचं भानच राहिलं नाही. तो काढला, झाकण लावलं आणि कचेरीकडे पळालो. त्यानंतर पेटी कुणी उघडलेली नाही. मी झाकणावर मोहोर लावलीय, ही बघ. डेनिसनेच सांगितलं होतं."

"त्याने नकळत का होईना, एक शहाणपणाचं काम केलं म्हणायचं. त्याआधी कधी उघडली होतीस?"

"तीन तारखेला. तेव्हा नवं अंडं ठेवलं होतं."

"मोहोर तोडू नकोस. तीनला सगळ्यांना इथे आणायचंय. आधी मला त्या कढईत बघू दे."

तिने नाकाला रुमाल लावला आणि काडीने कढईच्या तळातली टरफलं उलटीपालटी केली. बरीच जुनी होती, पावसाने धुतलेली. वरचं एक ताजं होतं. त्याच्या अर्ध्या तुकड्यावर पेन्सिलीचा आकडा होता. तीन.

हेनारेने तो ओळखला. "हे माझं अंडं आहे. पण हे तर पेटीत होतं."

रोइमाता दिवसभरात पहिल्यांदा मोठ्याने हसली.

६

बैठक कढईपाशी भरवायची म्हटल्यावर डेनिस ऑर्चर्डने बुटांत वाळू जाते अशी तक्रार केली. तरी तो आला. मागून फिलिपा, कॉलिन आणि मर्व्हिन आले. मर्व्हिनने हेनारेच्या खांद्यावर हात ठेवला.

रोइमाताने सगळं थोडक्यात सांगितलं: गोठवलेलं मांस, एप्रिलमध्ये दूध, कातरलेली शेपटी. फिलिपा प्रत्येक वाक्यावर मान हलवत होती. डेनिस कपाळ पुसत होता.

"म्हणजे कुणीतरी मुद्दाम…" तो म्हणाला. "पण कोण? हे बाहेर गेलं तर मंत्रीसाहेब काय म्हणतील?"

"मंत्रीसाहेबांचं नंतर बघा. कॉलिन, पेटी उघडलीस की तू पहिलं काय करतोस?"

"नाक धरतो."

"फिलिपा?"

"मी अजून एकही उघडलेली नाही, आन्टी."

"मर्व्हिन?"

सकाळी तीन मास्तरणींसमोर घडाघडा म्हटलेला पाठ त्याला आता आठवत नव्हता.

"हेनारे, उघड."

हेनारेने मोहोर तोडली, चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं. फळी कोरडी, स्वच्छ. रक्ताचा ठिपका नाही. सापळ्याच्या मागे, जाळीपलीकडे, एक अंडं. रोइमाताने ते उचलून डेनिसच्या तोंडासमोर धरलं.

"वाचा."

"सोळा," डेनिस म्हणाला.

"हेनारेने तीन तारखेला ठेवलेलं अंडं या कढईत फुटलंय. हे त्याचं टरफल. बुधवारी सोळा तारखेला कुणीतरी पेटी उघडून त्यात मेलेला स्टोट घातला. चोरासारखा आला होता, घाईत होता, पकडलं जायची भीती होती. आणि तेवढ्यातसुद्धा त्याने जुनं अंडं काढलं, नवं ठेवलं, त्यावर तारीख घातली आणि जाता जाता जुनं कढईत फोडलं. कॉलिनने अंडं खाल्लं असतं. फिलिपाला ते ठेवायचं माहीत नाही. हेनारेला स्वतःचंच अंडं लपवून काय मिळणार? इतका शिस्तीचा गाढव या किनाऱ्यावर एकच आहे."

समुद्रावरून वारा आला. कुणीही मर्व्हिनकडे बघितलं नाही. तेवढ्यावरून सगळ्यांना कळलंय हे त्यालाही कळलं.

"नोव्हेंबरात तुझ्या बरणीत दोन शेपट्या पडल्या," रोइमाता म्हणाली. "फिलिपाकडे धड एकच पोचलं. रेघ सोडवली नाही तुला. शेपटी मोजलीस आणि बाकीची मादी घरी ठेवलीस. तेव्हा कशासाठी?"

"भुसा भरून ठेवणार होतो," मर्व्हिन हळूच म्हणाला. "सुरेख होती ती. मग मार्चची बैठक झाली." त्याने टोपी काढली. "मला हेनारेचं नुकसान करायचं नव्हतं. देवाशपथ. मला वाटलं, पेट्या राहतील. एवढंच. कुणीतरी आत शिरलंय म्हटल्यावर पेट्या ठेवतील, माणसं ठेवतील."

"आणि काल त्याच्यावर आळ आला तेव्हा?"

"बोलणार होतो."

"कधी? करंडक घेताना?"

मर्व्हिनचा चेहरा एकदम तांबडा झाला. "तुला काय जातंय बोलायला! तूसुद्धा निवृत्त झालीयस. फोन वाजत नाही, कुणी काही विचारायला येत नाही, सकाळी उठून टोपी घालायला कारण लागतं माणसाला! तुला कोण विचारतं गं आता?"

ते लागलं. चार वर्षांत रोइमाताला कारखान्यातून एकही फोन आला नव्हता, आणि सकाळी सहाला उठून ती कुणासाठी पाव तळत होती हे तिला नीट माहीत होतं. पण मर्व्हिनसमोर ते कबूल करायची तिची तयारी नव्हती.

"कुणीच विचारत नाही," ती म्हणाली. "तरी मी फ्रीजरमध्ये मढी साठवत नाही."

कॉलिन फसकन हसला. डेनिस लगेच पुढे सरसावला. "हे आपल्यातच ठेवू या. गैरसमज झाला असं म्हणू. पक्षी उद्या ठरल्याप्रमाणे येतील, हेनारे तर आपला माणूसच आहे…"

"काल नव्हता," रोइमाता म्हणाली. "तो आपला माणूस आहे, हे उद्या मंत्र्यांसमोर, भाषणात, मोठ्याने सांगायचं. आणि काल काय बोललात तेही. दीड तासाच्या भाषणात तेवढी जागा निघेल."

डेनिसने मान डोलावली. तेवढ्याने तिचा दिवस सार्थकी लागला.

७

हेनारेने पेटीचं झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला वर्षांची यादी होती. सहा वर्षांपुढे सहा शून्यं, आणि शेवटी, गुरुवारी पळण्याआधी त्याच्याच हाताने पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा. एक.

"खोड," तो मर्व्हिनला म्हणाला.

"हेनारे, ऐक…"

"खोड ते."

मर्व्हिन गुडघ्यांवर बसला. खिशातून पेन्सिल काढून मागच्या रबराने त्याने तो एक घासून काढला आणि त्या जागी शून्य लिहिलं. मग त्याचा हात आपोआप दुसऱ्या खिशात गेला. अंडं बाहेर आलं. त्याने ते गुडघ्यावर टेकवलं आणि सवयीने, सुवाच्य अक्षरात त्यावर तारीख घातली. अठरा.

हेनारेने झाकण हातात घेतलं. "ते नको," तो म्हणाला. "उद्या सकाळी ही पेटी काढतोय."

त्याने झाकण लावलं, चार स्क्रू फिरवले आणि पेटी उचलायला सोपी जावी म्हणून भोवतीचं गवत पायाने दाबलं. मग तो फाटकाकडे चालू लागला. त्याला खोक्यातली हत्यारं परत जागेवर लावायची होती. डेनिस त्याच्या मागे मागे काहीतरी समजावत गेला, आणि कॉलिन ते ऐकायला मिळावं म्हणून डेनिसच्या मागे.

मर्व्हिन वाळूत तसाच बसून होता. त्याच्या तळहातावर ते अंडं होतं, आणि ते कुठे ठेवायचं हे त्याला कळत नव्हतं. रोइमाताला वाटलं होतं की आता तरी आपल्याला त्याची दया येईल. ती थोडा वेळ थांबली. दया आली नाही. तिने पिशवीतला उरलेला पाव काढला आणि खात खात हेनारेच्या मागे निघाली.